लॅमिनेशन केलेली टीसी

दोन हजार तेवीस साल. पोळा त्या वर्षी सप्टेंबरात, गुरुवारी आला होता, आणि जे झालं ते त्याच्या आधीच्या रविवार ते मंगळवारात झालं. मंगळवारी दुपारपर्यंत आमच्या कामरगावच्या घरातल्या चौघांपैकी एकालाही मार चुकला नव्हता. एकाचा तळहात फाटला, एकाचं मनगट मोडलं. भांडण जमिनीचं नव्हतं की लग्नाचं नव्हतं. माझी नात पौर्णिमा हिने बी.एस्सी.नंतर काय शिकायचं, याचं होतं.

मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. घरात मी, माझा मुलगा संघपाल आणि पौर्णिमा. सून रूपा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. नातू उत्कर्ष पुण्याकडे औषधांच्या कारखान्यात लागला होता.

रविवारी सकाळी पौर्णिमाच्या मोबाइलवर दोन याद्या आल्या. अमरावतीच्या एका कॉलेजात एम.एस्सी. केमिस्ट्रीला तिचा नंबर लागला होता आणि अकोल्याच्या एका कॉलेजात वकिलीला. अमरावतीला मूळ कागद जमा करायची शेवटची तारीख मंगळवार, अकोल्याला बुधवार. मूळ टीसी एकच असते. ज्या कॉलेजात ती गेली तिथलीच पोरगी झाली.

संघपाल कारंज्याच्या कोर्टात शिपाई. वीस वर्षं त्याने काळ्या कोटवाल्यांसाठी दार उघडलं, त्यांना पाणी दिलं. त्याचं कधीच ठरलं होतं.

"बुधवारी अकोल्याले जाचं," तो चहा पिता पिता म्हणाला. "सकाळची गाडी."

पौर्णिमा मोबाइलवरच्या याद्याच पाहत राहिली.

"ऐकू आलं का?"

"बाबा, मले अजून माहीत नाई."

"काय माहीत नाई?"

"मले काय करायचं आहे ते. केमिस्ट्री आवडते, पण त्याचं पुढं काय करू ते समजत नाई. वकिली मी पायलीच नाई. दोन दिवस विचार करू द्या ना."

"पायली नाई? मी रोज पायतो ना! मी पायतो ते पुरत नाई काय तुले?"

"तुमी पायता बाबा. करायचं मले आहे."

त्याने कप खाली ठेवला. एवढ्या सावकाश ठेवला की मला वाटलं, आता तो शांत झाला. मग उठून त्याने तिच्या कानशिलात अशी लगावली की ती भिंतीवर जाऊन आदळली आणि तिच्या कानातला डूल उडून चुलीजवळ पडला. कानाच्या पाळीतून रक्त आलं. पौर्णिमा रडली नाही. तिने डूल शोधला, धुतला आणि दुसऱ्या कानातलाही काढून डबीत ठेवला.

"माहीत नाई म्हणते!" संघपाल मला म्हणाला. "एकवीस वर्षांची घोडी झाली अन् माहीत नाई!"

मला माझी करंगळी दिसत होती.

माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. शाळेत फळ्यावर लिहिताना मी पुस्तक डाव्या हातात धरायची, तेव्हा ती करंगळी एकटीच बाहेर राहायची आणि पोरं हसायची. विचारलं तर मी सांगे, जात्यात सापडली. संघपाललाही लहानपणी तेच सांगितलं होतं.

एकोणीसशे एकोणसत्तर साली मलाही दोन पत्रं आली होती. मी मॅट्रिक झाले होते, लग्नाला वर्ष झालं होतं. एक पत्र नर्सच्या ट्रेनिंगचं, एक शिक्षिकेच्या ट्रेनिंगचं. आमच्या वस्तीत तोवर कुठल्याच बाईला पत्र आलं नव्हतं, मला एकदम दोन. दुपारी विहाराच्या सावलीत बायका जमायच्या आणि मला दोन्ही पत्रं पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावायच्या. किती हौस होती त्यांना! गोमतीबाई म्हणे, "नर्स हो वो, आमची बाळंतपणं तरी फुकट होतीन." दुसरी म्हणे, "नाई, मास्तरीण हो, सगळे पाया पडतीन." मी हसायची. माझं काहीच ठरत नव्हतं. ते न ठरलेले चार दिवस माझ्या आयुष्यातले फार गोड दिवस होते.

पाचव्या दिवशी माझा नवरा पंजाबराव कापसाच्या जिनिंगमधून आला. "नर्स परक्या माणसाच्या अंगाले हात लावते," तो म्हणाला. त्याने ते पत्र मागितलं. मी मुठीत धरलं. त्याने माझी मूठ करंगळीपासून उघडायला सुरुवात केली. करंगळी मोडल्यावर बाकीची बोटं आपोआप सुटली. पत्र फाडून त्याने चुलीत टाकलं आणि जेवायला बसला. मी त्याला एका हाताने वाढलं. पुढे छत्तीस वर्षं मी लोकांना सांगत राहिले की शिक्षकी पेशा मी आवडीने निवडला.

म्हणून सोमवारी सकाळी संघपाल कामावर गेल्यावर मी माझी पेटी उघडली. पौर्णिमाच्या मूळ कागदांची फाईल त्या पेटीत होती, माझ्या पांढऱ्या लुगड्याच्या आणि वंदनेच्या पुस्तिकेच्या खाली, आणि किल्ली माझ्या कमरेला. मी टीसी काढली आणि बसस्टँडजवळ उजैरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. उजैर माझा चौथीतला विद्यार्थी.

"लॅमिनेशन करून दे," मी म्हटलं. "जाड प्लास्टिकचं."

त्याने कागद उलटसुलट पाहिला. "बाई, हे तर ओरिजिनल आहे."

"म्हणूनच करून राह्यली."

"कॉलेजवाले घेतात का असं? पौर्णिमाले इचारलं काय?"

"उजैर, तुले अक्षरं कोणी शिकवली?"

"तुमी, बाई."

"मग मले शिकवू नको. कर."

त्याने मशीन तापवलं. कागद एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने चकचकीत, कडक होऊन बाहेर आला. मी तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला. फाटत नव्हता. मला इतका आनंद झाला की मी उजैरला त्याच्या दुकानातच चहा मागवून पाजला. चौपन्न वर्षं उशिरा का होईना, आता पत्र फाटणार नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी उत्कर्ष आला. पौर्णिमाने त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, आणि तो तिच्या बाजूने आला आहे असं आम्हा दोघींना वाटलं. त्याने बहिणीचा सुजलेला कान पाहिला, तिला जवळ घेतलं. मग म्हणाला, "उद्या सकाळी अमरावती. माह्या कंपनीत एम.एस्सी.वाल्याले खुर्ची भेटते, मी उभा राह्यतो. समजलं? मी साहेबाशी बोललो आहे."

"दादा, मी अजून ठरवलं नाई."

"तुले ठरवता येत नाई म्हणून तर आलो ना मी."

संघपाल त्या दिवशी उशिरा आला आणि जेवून झोपला. बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मला वाटलं, निभावलं.

मंगळवारी सकाळी सहाला उत्कर्षने मोटारसायकल अंगणात काढली आणि मला किल्ली मागितली. तेवढ्यात संघपाल संडासातून परत आला.

"कोणाची किल्ली?"

"पेटीची. अमरावतीले जाऊन राह्यलो आमी."

"तू कोण बे?"

"तिचा भाऊ."

"अन् मी मेलो काय?" संघपाल माझ्याकडे वळला. "माय, किल्ली दे."

"नाई देत," मी म्हटलं. "दोघालेबी नाई देत."

तो न्हाणीमागे गेला आणि लोखंडी सब्बल घेऊन आला. पेटीच्या कुलपावर त्याने तीन घाव घातले. चौथ्याला कडी तुटून उडाली आणि माझ्या नडगीला लागली. मी खाली बसले. त्याने सब्बल तिथेच टाकली, लुगडं बाहेर फेकलं, पुस्तिका फेकली, फाईल काढली. पण पौर्णिमा त्याच्या हाताखालून आली आणि फाईलमधली टीसी तिने ओढून घेतली. हातात आली तेव्हा तिने ती पाहिली. प्लास्टिक पाहून ती क्षणभर चमकली, हे मला आज आठवतं. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही.

संघपालने तिची मूठ धरली आणि करंगळीपासून उघडायला सुरुवात केली.

असं काही तो शिकलेला नव्हता. त्याने कधी पाहिलंही नव्हतं, तो तर तेव्हा जन्मालाही यायचा होता. पण तेच बोट, तशीच सावकाश जबरदस्ती. माझ्या हाताशी पितळेचा तांब्या होता. मी उठले आणि तो माझ्या पोटच्या पोराच्या डोक्यात घातला. पाण्याने भरलेला होता. तो गुडघ्यावर आला.

"जात्यात नाई सापडली!" मी ओरडले. माझी करंगळी मी त्याच्या डोळ्यांपुढे धरली. "हे तुह्या बापानं मोडली! अशीच! कागदापायी!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोक्यातून पाणी आणि रक्त दोन्ही वाहत होतं. मला वाटलं, आता तो थांबेल. पण रागाला आलेल्या माणसाला लाज दाखवली की तो आणखी चवताळतो, हे मी इतकी वर्षं जगूनही विसरले होते. तो उठला, टीसी हिसकावली आणि म्हणाला, "मग कोणालेच नाई! ना अमरावती, ना अकोला. बस घरी!"

त्याने ती फाडायला घेतली. फाटेना. दातात धरून ओढली. फाटेना. उत्कर्षने मागून येऊन हेल्मेट त्याच्या तोंडावर मारलं. दात तुटून जमिनीवर पडला, तरी संघपालने कागद सोडला नाही. तो स्वयंपाकघरात धावला. विळी उघडीच होती, सकाळी पौर्णिमाने भेंडी चिरली होती. टीसी विळीवर धरून त्याने सगळा जोर लावून खाली दाबली. प्लास्टिक गुळगुळीत. कागद पात्यावरून घसरला आणि उजवा तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत विळीत गेला.

त्याचा आवाज मी लिहू शकत नाही. भेंडीच्या ताटलीत रक्त साचलं.

उत्कर्षने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. रक्तातून टीसी उचलली, पँटला पुसली आणि दुसऱ्या हाताने बहिणीची वेणी धरली. "चल, बस गाडीवर. दहाच्या आत पोचलं पाहिजे."

"दादा, बाबाले दवाखान्यात..."

"बस म्हटलं ना!"

तो तिला वेणीने ओढत उंबऱ्यापर्यंत घेऊन गेला. वाटेत सब्बल पडली होती. पौर्णिमाने ती उचलली. मी पाहत होते. मला ओरडता आलं असतं. तिने दोन्ही हातांनी सब्बल उचलून भावाच्या मनगटावर घातली. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला, वेणी सुटली. उत्कर्ष अंगणात आडवा होऊन लोळायला लागला.

शेजारचा जमशेद आवाज ऐकून त्याची ऑटो घेऊन आला. जन्मभर आमच्या घराशी बोलताना थट्टा केल्याशिवाय न राहणारा माणूस, त्या दिवशीही त्याने दारातूनच आत पाहिलं आणि म्हणाला, "या अल्ला. हे शिक्षण चालू आहे का काय?" त्याने बापलेकाला एकाच ऑटोत घातलं, आणि ते एकमेकांच्या अंगावर रक्त सांडत कारंज्याच्या दवाखान्यात गेले.

पौर्णिमाने अंगणात पडलेली टीसी उचलून नळाखाली धुतली. कागदाला ओरखडाही नव्हता. माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. घरात तेवढं रक्त पडलं होतं आणि मला अभिमान वाटला. वाटलं, बघा, मी वाचवली.

"आजी, चाल," ती म्हणाली.

"कुठं?"

"अमरावतीले. ठरवलं नाई मी. पण आज तारीख आहे. बसमध्ये ठरवतो."

एसटीत ती खिडकीशी बसली. बडनेरा येईपर्यंत बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "भरून टाकतो. नाई जमलं तर सोडून देईन. कोणी मरत तर नाई ना." आणि पहिल्यांदाच थोडी हसली. मी तिचा हात धरला. तिची करंगळी सुजली होती, पण सरळ होती.

कॉलेजच्या खिडकीत एक तरुण कारकून बसला होता. त्याने बाकी कागद पाहिले, टीसी हातात घेतली आणि परत दिली.

"लॅमिनेशन केलेली टीसी चालत नाही."

"काहून?" मी विचारलं.

"आजी, यावर आम्हाला प्रवेश क्रमांक लिहावा लागतो, शिक्का मारावा लागतो. प्लास्टिकवर कसा मारू? नियम आहे. दुसरी आणा."

"दुसरी किती दिवसांत भेटते?"

"अर्ज, प्रतिज्ञापत्र... आठ-दहा दिवस."

तारीख संध्याकाळी पाचपर्यंत होती. अकोल्याची उद्या. मी पौर्णिमाच्या हातातून टीसी घेतली. "मी काढतो ना प्लास्टिक. त्याले काय लागते." ती "आजी, थांब" म्हणाली, पण मी छत्तीस वर्षांची मास्तरीण. नखाने कोपरा उचकटला आणि ओढलं. प्लास्टिक निघालं. त्याच्याबरोबर प्राचार्यांची सही निघाली, गोल शिक्का निघाला, आणि पौर्णिमाच्या नावाचा अर्धा भाग निघाला. माझ्या हातात एका बाजूला पांढरट, सोललेला कागद होता आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकवर चिकटलेली उलटी अक्षरं.

पौर्णिमाने मला मारलं. तिथेच, खिडकीपुढे, रांगेतल्या पोरापोरींसमोर. जोरात मारलं. माझा चष्मा फरशीवर पडला आणि त्याची एक काच फुटली.

कोणीतरी तिचा हात धरला. ती सोडवून घेत म्हणाली, "बाबानं इचारलं नाई, दादानं इचारलं नाई. तू तरी इचारलं काय, आजी? माहा कागद होता ना थो! मले एकदा तरी इचारलं काय?"

मी विचारलं नव्हतं. रविवारपासून त्या क्षणापर्यंत मीही तिला एकदाही विचारलं नव्हतं. पंजाबरावाने पत्र जाळलं, मी प्लास्टिकमध्ये घातलं. मी खाली बसून चष्म्याची काच गोळा करायला लागले. थोड्या वेळाने तीही खाली बसली आणि मला काच गोळा करू लागली. "हात कापीन, सोड," एवढंच म्हणाली.

दोन्ही तारखा गेल्या.

पुढच्या सोमवारी ती दुय्यम टीसीच्या प्रतिज्ञापत्रासाठी कारंज्याच्या कोर्टाच्या आवारात गेली. मीही गेले, ती नको म्हणाली नाही. कडुनिंबाखाली नोटरीचं टेबल होतं. संघपाल उजवा हात गळ्यात अडकवून कामावर आला होता. व्हरांड्यात स्टुलावर बसला होता.

नोटरी म्हणाले, "प्रवासात गहाळ झाली, एवढं लिही. सगळे तेच लिहितात."

"पण गहाळ झाली नाही ना, सर."

तिने कागद घेतला आणि आपल्या अक्षरात लिहिलं. मूळ टीसी आजीने मला न विचारता लॅमिनेशन केली. वडिलांनी ती फाडण्याचा प्रयत्न केला. भावाने मला वेणी धरून ओढलं, मी त्याच्या मनगटावर लोखंडी सब्बल मारली. प्लास्टिक काढताना आजीच्या हातून सही व शिक्का निघाला. मी आजीला मारलं. हे खरं आहे.

नोटरींनी वाचलं आणि व्हरांड्याकडे हाक मारली, "संघपाल, तुझी पोरगी ना ही? काय लिहून राह्यली पाय."

तो आला. उभ्याउभ्याच वाचू लागला. आजूबाजूला चार वकील, दोन पोलीस, तारखेला आलेली माणसं. वाचता वाचता त्याचा डावा हात वर गेला. मला तो ओळखीचा होता.

पौर्णिमा जागची हलली नाही. "मारा, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "एक ओळ वाढंन फक्त."

हात तसाच हवेत राहिला. मग त्याने त्या हाताने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि, सवयीने, नोटरींच्या पुढे सरकवला. नोटरींनी शिक्का मारला.

आता कोणाचं काय झालं ते सांगते.

संघपालच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. तो डाव्या हाताने दार उघडतो. पुन्हा त्याने कोणावर हात उगारला नाही. धाकाने की शहाणपणाने, ते मी विचारलं नाही. दारू पीत नव्हता, ती मात्र आता कधीकधी पितो.

उत्कर्षचं मनगट जुळलं, पण वजन उचलत नाही. कंपनीने त्याला पॅकिंगमध्ये बसून करायच्या कामावर घातलं. खुर्ची मिळाली ती अशी. बहिणीशी तो जवळपास दोन वर्षं बोलला नाही. मागच्या राखीला आला, आणि राखी त्याने त्याच मनगटावर बांधून घेतली.

जमशेद गेल्या उन्हाळ्यात वारला. त्या ऑटोच्या सीटवरचे डाग शेवटपर्यंत निघाले नाहीत, आणि बसणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा की हे ग्रॅज्युएशनचे आहेत.

उजैरने दुकानात पाटी लावली आहे: मूळ टीसी लॅमिनेशन करून मिळणार नाही. माझ्याकडे पाहून तो अजून ओशाळतो, जणू चूक त्याची होती.

पौर्णिमाने ते वर्ष उजैरच्या दुकानात पोरांचे प्रवेशाचे फॉर्म भरण्यात काढलं. दर पोरापोरीला ती आधी बापाला बाहेर उभं करून विचारायची, "तुले काय पाहिजे?" पुष्कळ जण म्हणायचे, माहीत नाही. ती म्हणायची, "मग दोन्ही भर." दुसऱ्या वर्षी तिने स्वतःचा फॉर्म भरला, कोणाला न सांगता. दुय्यम टीसी जमा करून झाल्यावर नागपूरच्या स्टँडवरून फोन केला. वकिलीला गेली होती. संघपालने फोन हातात घेतला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. पलीकडून ती म्हणाली, "तुमी म्हटलं म्हणून नाई, बाबा." तो "हो" म्हणाला आणि फोन मला दिला.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, खरं सांगू? अजून पक्कं नाई वाटत." मी काहीच सांगितलं नाही.

ती सोललेली टीसी माझ्या पेटीत आहे. कडी तुटल्यापासून पेटीला कुलूप नाही. मी नवीन बसवलं नाही.